पलंगामागचा प्लग

इस्त्री गार पडलीय हे तिला दुसऱ्या बाहीवर आल्यावर कळलं. चुणी जाईना म्हणून तिने जोर लावला, आणखी जोर लावला, मग बोट ओलं करून तळाला टेकवलं, तर चर्र झालंच नाही. इस्त्रीवरचा लाल ठिपका विझला होता. तिने प्लग काढून परत खोचला, बटण खालीवर केलं, आणि मग आपले दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेत हे तिच्या लक्षात आलं. सुट्टीची सकाळ होती. ओट्यावर ऊन आलं होतं, चहाचा कप अर्धा भरलेला होता, घाईचं काहीच नव्हतं. फ्रिजची घरघरही थांबली होती. ती घरघर रोज आपल्या कानात असते हे ती थांबल्यावरच कळलं. झालं होतं ते एवढंच, घरातले काही प्लग बंद पडले होते. कोणाच्याही घरी पडतात. पण तिच्या अंगाला मात्र ठाऊक होतं की आता पलीकडच्या खोलीतून हाक येणार. ती आलीच. "धाकटे, काय केलंस?"

काय झालं, असं बाबा कधी विचारत नसत. काही बिघडलं, सांडलं, फुटलं, की त्यांच्या लेखी ते कोणीतरी केलेलं असायचं, आणि कोणी केलं ते हुडकून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते एका कारखान्यात वायरमन होते. तिथे त्यांचं नाव होतं म्हणे; मोठमोठी यंत्रं बंद पडली की लोक म्हणायचे, त्यांना बोलवा, ते वास घेत जातात आणि बरोबर जागेवर बोट ठेवतात. संध्याकाळी ते घरी आले की तोच वास घेणं सुरू व्हायचं. दाराची कडी सैल कशी झाली. साबण ओला का. दुपारी कोण आलं होतं. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून उत्तरं द्यायची, आणि तिच्या आवाजावरून दोघी बहिणींना कळायचं की अजून किती वेळ आहे. ताई मग हळूच आतल्या खोलीची खिडकी लावून घ्यायची, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. कोणी तिला सांगितलं नव्हतं. आईचं जुनं इस्त्रीचं दोरडं, कापडाचं वेष्टण असलेलं, दारामागच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. इस्त्री केव्हाच भंगारात गेली होती, दोरडं मात्र राहिलं होतं, आणि ते कशासाठी राहिलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मार खाताना आई तोंडातून आवाज काढत नसे. दात दातांवर घट्ट बसलेले आणि नाकातून श्वास, जड ओझं उचलणाऱ्या माणसासारखा. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहून शेजारणीला सांगायची, न्हाणीत घसरले, शेवाळ किती झालंय बघा. शेजारीण म्हणायची, जपून हो. न्हाणी आई रोज घासत असे.

आई गेल्यावर बाबा एकटेच राहत होते. गेल्या हिवाळ्यात ते जिन्यात पडले, खुबा दुखावला, आणि आता यांना एकटं ठेवता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने ताईला फोन केला. ताई म्हणाली, "माझ्या दारात तो माणूस येणार नाही. तुला घ्यायचं असेल तर घे. मला मध्ये आणू नकोस." तिने घेतलं. लग्न केलेलं नव्हतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याचं होतं, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायचं तिचं काम ठरलेल्या वेळी संपायचं. समोरच्या दारातल्या मावशी म्हणाल्या, मुलगा असता तरी एवढं केलं नसतं. ती हसली. खरं तर का घेतलं हे तिला सांगता आलं नसतं. दया नव्हती. कर्तव्य हा शब्द मनात आला की दातात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. कदाचित तिला नुसतं बघायचं होतं. हात थरथरणारा, पेल्यातलं दूध सांडणारा, सदऱ्याचं बटण लावता न येणारा हा माणूस रोज समोर बसलेला बघायचा होता, आणि एखाद्या दिवशी, काहीच कारण नसताना, तो आपणहून काहीतरी बोलेल याची वाट बघायची होती. तो बोलत होता. चहा पाणचट झालाय, म्हणत होता. तुझी आई बरा करायची, म्हणत होता.

"काही केलं नाही," ती म्हणाली. "प्लग बंद पडलेत." आणि ती बोळातल्या विजेच्या पेटीकडे गेली. सगळे खटके वर होते, एकही पडलेला नव्हता. दिवे लागत होते, पंखा फिरत होता, न्हाणीघरातलं पाणी तापत होतं. म्हणजे बाहेरून वीज येत होती, आत कुठेतरी अडत होती. तिने टेबलावरचा छोटा दिवा उचलला आणि एकेका प्लगमध्ये लावून बघू लागली. ओट्याजवळचा बंद. फ्रिजमागचा बंद. बाहेरच्या खोलीत टीव्हीजवळचा बंद. मग खणातून टेस्टर काढून प्लगच्या भोकात घातला, वरच्या टोकावर बोट ठेवलं, तर त्याच्या पोटातला ठिपका नारिंगी उजळला. पाठीमागे काठीचा आवाज आला. बाबा भिंत धरत धरत आले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. त्यांच्या तोंडावर एक तकाकी आली होती, कित्येक महिन्यांत तिने पाहिली नव्हती अशी.

"काय दिसतंय?"

"टेस्टर लागतोय."

"मग दिवा का लागत नाही?"

"वीज येतेय, पण परत जायला वाट नाही. न्यूट्रल सुटलाय कुठेतरी."

"कुठे?"

"यातलं जे पहिलं आहे तिथे. तिथून पुढे एकातून दुसऱ्यात वायर फिरवलीय. पहिलं गेलं की मागोमाग सगळी गेली."

"हं," बाबा म्हणाले. "विसरली नाहीस." आणि तिच्या छातीत काहीतरी हललं, एक लहानसं, लाचार, शेपूट हलवणारं काहीतरी. चाळिशी उलटून गेल्यावरही ते तिथेच बसलेलं होतं. तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने टेस्टर ओट्यावर आपटल्यासारखा ठेवला. ताईला असं कधी झालं नसणार. ताईने कधी त्यांच्या हाताखाली काम केलं नाही. घरातली दुरुस्ती निघाली की बाबा हाक मारायचे, टॉर्च धरायला कोण येतंय, आणि ताई जागची हलत नसे. धाकटी जायची. त्यांच्या मांडीला टेकून उभी राहायची, उजेड त्यांच्या बोटांवर धरायची. लाल कुठली, काळी कुठली, आधी काय बघायचं, मग काय बघायचं. उजेड हलला की स्क्रूड्रायव्हरची मूठ बोटांच्या पेरांवर बसायची. पण ती तेवढीच. दारामागचं दोरडं तिच्या अंगाला कधी लागलं नाही. ते आईला आणि ताईला लागायचं. ही माझी, असं बाबा लोकांना सांगायचे, हिला अक्कल आहे.

"आणि पहिलं कुठलं?" बाबांनी विचारलं.

बोळातल्या पेटीच्या पलीकडे जी भिंत होती ती त्यांच्या खोलीची होती. "तुमच्या पलंगामागचं," ती म्हणाली.

"तिथे काही झालेलं नाही."

"हीटर चालतोय?"

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. रात्रभर हीटर लावून ठेवू नका, त्या प्लगला तेवढा भार झेपत नाही, हे तिने त्यांना थंडी सुरू झाल्यापासून सांगितलं होतं.

"सकाळपासून बंद आहे," ते म्हणाले.

"तुम्ही बंद केलात की पडला?"

"तोंड वर करून विचारू नकोस." काठी जमिनीवरून जराशी उचलली गेली, वीतभरसुद्धा नाही, बहुधा नुसता हात हलला असेल. पण ती मागे सरकली होती. ओट्याची कड तिच्या कमरेत रुतली होती. बाबांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत, राग नव्हे, एक समाधान येऊन गेलं, जुनं यंत्र अजून चालतंय हे बघून यावं तसं. मग ते उठले. "चल, पलंग सरकव."

पलंग जड होता. तिने गादी गुंडाळून बाजूला केली, खालच्या लाकडी फळ्या एकेक काढून दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि सांगाडा ओढला. भिंतीशी धूळ, गोळ्यांची रिकामी पाकिटं, एक मोजा. प्लगचं पांढरं तोंड तपकिरी पडलं होतं, एका बाजूने वितळून ओठ लोंबावा तसं खाली आलं होतं, आणि जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. हीटरचा प्लग त्यात अर्धवट चिकटलेला होता, तो तिने उपटून काढला. बाबा दारात उभे होते. कोणी केलं, हे तिने विचारलं नाही. विचारायची तिला फार इच्छा झाली होती. जीभ टाळूला लावून ती तशीच वाकून उभी राहिली, आणि तिला दिसलं की आपण त्यांना दंडाला धरून या भोकाशी खाली वाकवलंय, नाक टेकेपर्यंत, आणि म्हणतोय, बघा, नीट बघा, कोणी केलं. हे चित्र एवढं स्वच्छ होतं की तिला हाताखाली त्यांच्या दंडाची सैल कातडीसुद्धा जाणवली.

"सरक," बाबा म्हणाले.

"मी करते. नाहीतर वायरमन बोलवू."

"बोलव. घरात वायरमन असताना वायरमन बोलव." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. त्या वाक्याला खाली कुठेतरी ओल होती, आणि त्या ओलीवरच तिचा पाय घसरला. तिने बोळात जाऊन खटका खाली केला. परत आली तेव्हा ते भिंतीवरून वर जाणारा पाण्याचा लोखंडी पाइप डाव्या हाताने धरून, गुडघे कडकड वाजवत, खाली उकिडवे बसत होते. बसायला त्यांना एवढा वेळ लागला की तिला नजर वळवावी लागली. त्यांनी आपली कारखान्यातली हत्यारं मागवली. स्क्रू त्यांना सापडेनात. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेवरून घसरायचं, पुन्हा लागायचं, पुन्हा घसरायचं. शेवटी तोंड सुटून वायरींवर लोंबलं. आत सगळं काळं झालं होतं.

"टॉर्च धर," ते म्हणाले. "नीट."

तिने टॉर्च धरली. हात आपोआप योग्य उंचीवर गेला, उजेडाचं वर्तुळ त्यांच्या बोटांवर बसलं. हे तिचा हात कधीच विसरला नव्हता. एका संध्याकाळी, ती शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गात असेल, बाबा आईला मारत असताना दिवे गेले होते. सगळ्या गल्लीतले गेले होते. अंधारात क्षणभर कोणी हललं नाही, आणि तिला वाटलं, संपलं. मग बाबांचा आवाज आला, अगदी रोजचा, कामाचा. धाकटे, टॉर्च आण. तिने आणली. इकडे धर, ते म्हणाले. तिने तिकडे धरली. आई भिंतीच्या कोपऱ्यात बसली होती, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं पुढे. ताई तिच्या बाजूला होती, मध्ये पडल्यामुळे तिच्याही कपाळाला लागलं होतं. उजेड हलला तर ओरडा बसेल म्हणून धाकटीने दोन्ही हातांनी टॉर्च घट्ट धरली, श्वाससुद्धा रोखून धरला. तिला आठवतं ते दोरड्याचं येणं नव्हे. तिला आठवतं की उजेडात आल्याबरोबर ताईने डोळे बारीक केले आणि सरळ टॉर्चकडे पाहिलं. ताईला टॉर्चमागचं काहीच दिसत नसणार. उजेडात उभ्या माणसाला अंधारातलं दिसत नाही. तरी ती बघत राहिली.

"खटका वर कर," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"कुठली जिवंत, कुठली मेलेली ते बघतो. सगळ्या काळ्याच झाल्यात."

पेटी दारापासून हाताच्या अंतरावर होती. तिने खटका वर केला. बाबांनी टेस्टर टेकवला, ठिपका उजळला. "ही," ते म्हणाले.

"करू बंद?"

"थांब." त्यांनी टेस्टर खाली ठेवला आणि पक्कड उचलली. पक्कडीच्या मुठीवरचं रबर फाटून लोंबत होतं.

"बाबा, बंद करू दे."

"बंद करून काम करणारे वायरमन खूप बघितले मी. न्यूट्रलच तर ओढायचीय. उजेड धर, थरथरतेयस कशाला, बिनकामाची..." थरथरत होती ती टॉर्च नव्हती. त्यांचा हात थरथरत होता. पक्कड आत गेली, न्यूट्रलपाशी पोचली, आणि मग त्या थरथरीने वळून दुसरीकडे टेकली.

आवाज मोठा झाला नाही. त्यांचे खांदे एकदम चौकोनी झाले. डावा हात पाइपवर आवळला गेला, उजवा पक्कडीवर, आणि दोन्हींच्या मध्ये ते धनुष्यासारखे ताणले गेले. बंद ओठांतून एक सलग, बारीक आवाज येऊ लागला. ही भाड्याची जुनी जोडणी होती, असं काही झालं तर आपोआप तुटणारं उपकरण घरमालकाने कधी बसवलं नव्हतं. चिकटलेल्या माणसाला हाताने धरायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मेन, म्हणजे मुख्य खटका, जवळ असेल तर आधी तो पाडायचा. नसेल तर कोरडं लाकूड घ्यायचं, हातावर मारायचं, एकदाच, जोरात, आणि मागे व्हायचं. मेन जवळ होता. पेटीचं झाकण उघडंच होतं, तिच्या खांद्यामागे. तिने टॉर्च टाकली आणि भिंतीला टेकवलेली पलंगाची फळी उचलली.

पहिला फटका मनगटाच्या वर बसला. लाकडाखाली काहीतरी मोडल्याचं तिच्या कोपरापर्यंत आलं. पक्कड उडाली, पाइपवरचा हात सुटला, आणि बाबा पाठीवर कोसळले, डोकं गुंडाळलेल्या गादीवर. त्यांनी घशातून खेचून श्वास घेतला. डोळे उघडे होते, तिच्याकडे होते. म्हणजे सुटले होते, जिवंत होते. हे सगळं तिला दिसलं, अगदी स्पष्ट दिसलं, आणि फळी पुन्हा वर गेली होती. ती खांद्यावर आली. पुन्हा वर गेली. बाबा कुशीवर वळले, तेव्हा पाठीवर आली. फळीचा आवाज तिच्या कानांत पडत होता, जाड, बोथट, ओल्या गादीवर काठी मारावी तसा, आणि त्या आवाजाखाली दुसरा कुठलाच आवाज नव्हता. ती ओरडत नव्हती. ते ओरडत नव्हते. त्यांनी एक हात कसाबसा डोक्यावर घेतला होता, कोपर पुढे. ते बघून आपण थांबू असं तिला वाटलं. उलट ते कोपर बघून तिच्या पोटातून एक गरम लाट वर आली आणि तिने दोन्ही हातांनी फळी धरली. राग म्हणावा असंसुद्धा ते नव्हतं. फार दिवस आखडून ठेवलेला पाय सरळ केल्यावर बरं वाटतं तसं तिला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं दर फटक्याला वाढत होतं, आणि कुठे संपेल ते तिला दिसत नव्हतं. मग फळी पलंगाच्या सांगाड्यावर आदळली, गाठीपाशी तुटली, आणि अर्धा तुकडा उडून खिडकीच्या काचेवर गेला. काच फुटली. ऊन होतं तसंच आत येत राहिलं. ती उरलेला तुकडा धरून उभी राहिली. हातात आणखी लांब काही असतं तर ती थांबली नसती, हे तिला त्या क्षणी कळलं. बाबांनी हात जरा बाजूला केला आणि कोपराच्या आडून तिच्याकडे पाहिलं.

दार वाजलं. समोरच्या मावशी होत्या, काच फुटल्याचा आवाज ऐकून आलेल्या. तिने फळीचा तुकडा ठेवला, खटका खाली केला आणि दार उघडलं. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. मावशी आत आल्या, खोलीच्या दाराशी थबकल्या, आणि तिने तोंड उघडायच्या आत खालून बाबांचा आवाज आला. "चिकटलो होतो," ते म्हणाले. "पोरीने वाचवलं. लाकूड मारून सोडवलं, नाहीतर गेलो होतो." त्यांचे दात वाजत होते, पण वाक्य अडखळलं नाही, जणू तयार करून ठेवलेलं होतं. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "धीराची आहेस बाई," त्या म्हणाल्या. "माझे तर हातपाय गळाले असते." आणि फोन करायला गेल्या. ती भिंतीला टेकून उभी होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. दारात उभं राहून न्हाणीतल्या शेवाळाबद्दल सांगणारा, किंचित हसरा, ऐकणाऱ्याला अवघड वाटू नये याची काळजी घेणारा आवाज. आईला तो शिकायला किती वर्षं लागली असतील, असं तिला वाटायचं. वर्षं लागत नाहीत. जमिनीवर पडल्या पडल्या येतो तो.

गाडी आली, त्यांना स्ट्रेचरवर घालून नेलं. गाडीत ती त्यांच्या पायाशी बसली होती. ते छताकडे बघत होते. एकदा गाडीने गचका दिला तेव्हा तिने त्यांना सावरायला हात पुढे केला, आणि त्यांनी मान आत घेतली, कासवासारखी, पटकन. परिचारकाने पाहिलं आणि म्हणाला, "घाबरू नका आजोबा, आता करंट नाही." हॉस्पिटलात त्यांच्या छातीला वायरी लावल्या, यंत्रावर हिरवी रेघ उड्या मारत राहिली. तळहातावर भाजलं होतं, मनगटावरचं हाड मोडलं होतं, खांद्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरीण तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले. सदरा कापून काढल्यावर तिने त्यांना हळूच कुशीवर वळवलं. मग म्हणाली, "पाठीवर हे कसलं?"

"पलंगाच्या कडेवर पडलो," बाबा म्हणाले.

"इतक्या ठिकाणी?"

"शॉकने माणूस तडफडतो. तुम्हाला नाही माहीत, मी त्याच धंद्यातला."

डॉक्टरणीने तिच्याकडे पाहिलं. सांगावं असं तिला वाटलं. शब्द जिभेवर होते. पण बाबांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या त्या न बघण्यात काहीतरी होतं ज्यामुळे तिची वाचा बसली. मग तिला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर बाकं होती, भिंतीला पुसट हिरवा रंग, एका कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. एक बाई लहान मुलाला मांडीवर घेऊन झुलवत होती. ती बसून राहिली. अंगातली ती गरम लाट अजून पूर्ण ओसरली नव्हती. मांड्यांत, दंडांत, जबड्यात ती होती, आणि तिच्या मागून जे येणार होतं ते अजून आलं नव्हतं. पश्चात्ताप असेल, असं तिला वाटत होतं. ती त्याची वाट बघत होती, उशिरा येणाऱ्या पाहुण्याची बघावी तशी, आणि तो आला नाही तर काय, याचीच तिला भीती वाटू लागली होती. लोक काचेच्या दारातून येत जात होते. हे सगळे आपल्यासारखेच असतील का, हातात काही लांब यायचीच वाट बघणारे, की हे फक्त आपल्या घरातच होतं, त्यांच्यात आणि आपल्यात, आणि ताईने वेळेवर दार लावून घेतलं म्हणून ती सुटली.

नर्स आली. वयस्क होती, चपला ओढत चालत होती. ती तिच्या शेजारी बसली, म्हणजे आता जे सांगायचं ते उभ्याने सांगायचं नव्हतं.

"तुमचे वडील म्हणतात," नर्स म्हणाली, "मला हिच्याबरोबर घरी पाठवू नका."

ती नर्सच्या चपलांकडे बघत राहिली.

"कोणाला सांगू नका म्हणाले. पण मला सांगणं भाग आहे. घाबरलेत ते. माझा हात सोडत नव्हते." मग नर्सने विचारलं, "काय झालं होतं?"

आई एकदा चार दिवस हॉस्पिटलात होती. तिथेही अशी एखादी बाई असणार, चपला ओढत चालणारी, संध्याकाळी खाटेशी येऊन बसणारी. तिला आई काय म्हणाली असेल? न्हाणी म्हणाली असेल. सगळा जन्म ती न्हाणीच म्हणत राहिली, कोणाचा तरी हात धरून एवढं एक वाक्य तिला बोलता आलं नाही, आणि यांना ते दिवस मावळायच्या आत आलं. तिला हसू येईल असं वाटलं. त्याऐवजी तिने नर्सकडे तोंड वळवलं.

"मी मारलं," ती म्हणाली. "पहिला फटका सोडवायला मारला. मेन पाडता आला असता, तो नाही पाडला. आणि नंतरचे नुसतेच मारले."

नर्सने मान हलवली. धक्का बसल्यासारखं तिने काही केलं नाही. "हे तुम्हाला डॉक्टरांना सांगावं लागेल," ती म्हणाली. "मग पोलीसही येतील."

"सांगते."

"घरी दुसरं कोणी आहे का? त्यांचं, तुमचं?"

"बहीण आहे."

"तिला बोलवा," नर्स म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "एकट्या बसू नका."

तिने फोन काढला. ताईचं नाव शोधून बराच वेळ ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मला मध्ये आणू नकोस, ताई म्हणाली होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून दोघींचं बोलणं झालं नव्हतं. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग ताईचा आवाज आला, मागे भांड्यांचा, नळाचा आवाज.

"बोल."

"ताई, हॉस्पिटलातून बोलतेय."

नळ बंद झाला. "गेले?"

"नाही. हात मोडलाय, खांदा मोडलाय. शॉक लागला होता."

"मग मला कशाला फोन केलास?" ताईचा आवाज सपाट होता. "मी तुला सांगितलं होतं."

"शॉकने नाही मोडलं," ती म्हणाली. "मी मारलं त्यांना. फळीने. फळी तुटेपर्यंत मारलं."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन बंद झाला असं वाटून तिने तो कानापासून दूर करून पाहिला; चालू होता. मांडीवरचं मूल झोपलं होतं आणि ती बाई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. तिने फोन परत कानाला लावला. आता ताई ओरडेल, किंवा हसेल, किंवा म्हणेल, शेवटी त्यांचीच तू. यातलं काहीही आलं तरी ते खरंच असणार होतं, आणि ऐकून घ्यायला ती तयार होती.

"तुला लागलंय का?" ताईने विचारलं.

तिने खाली पाहिलं. उजव्या तळहातात अंगठ्याच्या खाली लाकडाचं एक लांब कुसळ शिरलं होतं, कातडीखाली काळी रेघ दिसत होती, आणि मनगटापर्यंत आलेलं रक्त सुकून गेलं होतं. इतका वेळ तो हात तिच्या मांडीवर होता आणि तिला कळलंच नव्हतं. आता मात्र दुखू लागलं, एकदम, खोलवर, कोपरापर्यंत.

"हो," ती म्हणाली. "लागलंय."

"हात लावू नकोस त्याला," ताई म्हणाली. "मी निघतेय."